तंजावरची मराठी नाटके : आद्यत्व आणि आस्वाद

मराठी नाटकाच्या इतिहासात तंजावरचे नाव बहुधा एकाच कारणासाठी घेतले जाते. शाहराज भोसले (राज्यकाल १६८४–१७१२) यांच्या नावावर असलेले 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाटक १६९० च्या सुमारासचे मानले जाते. विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीत झाले ते १८४३ मध्ये. तेव्हा मराठी नाटकाचा उगम दीडशे वर्षे मागे नेला पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. तंजावरच्या नाटकांपासून महाराष्ट्राने काहीच घेतले नाही, सबब ती मुख्य प्रवाहाबाहेरची, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही पक्षांचे भांडण सनावळीशी आहे. नाटकाशी त्यांचा संबंध बेताचाच येतो. आद्यत्वाचा मान देऊन एखादी कृती उंच फडताळावर ठेवणे आणि ती मुळीच न वाचणे, यांत फारसे अंतर नाही.

खरे पाहता पूर्वज आणि वंशज ही कल्पनाच येथे गैरलागू ठरते. भावे यांच्यापुढे कर्नाटकातून १८४२ मध्ये सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांचा नमुना होता. शाहराजांपुढे दक्षिणेतील यक्षगानाची परंपरा होती. सूत्रधाराचे गायन, विदूषकाचे आगमन, पात्राच्या प्रवेशाचे पद्यमय वर्णन, कथानकापेक्षा प्रसंगाच्या सजावटीवर भर, हे विशेष दोहोंकडे आढळतात ते या समान कुळामुळे. सांगलीचे नाटक तंजावरच्या नाटकाचे अपत्य नाही. दोघे दूरचे भाऊबंद आहेत. एवढे मान्य केले की 'पहिले कोणते' हा प्रश्न मिटतो आणि 'चांगले कोणते' हा विचारता येतो.

या कसोटीवर शाहराजांची रचना अधिक लक्ष वेधून घेते. त्यांचे 'पंचभाषाविलास' हे नाटक संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा पाच भाषांत चालते. निरनिराळ्या देशांच्या राजकन्या श्रीकृष्णाविषयीचा अनुराग आपापल्या भाषेत प्रकट करतात. भाषाप्रभुत्वाचे प्रदर्शन म्हणून याकडे पाहणे सोपे आहे. पण ज्या नगरात राजा मराठी, दरबारचे गायन तेलुगू, देवळातील स्तोत्र तमिळ आणि शास्त्रचर्चा संस्कृतात, तेथे हा प्रयोग नगरजीवनाचाच आरसा ठरतो. उणिवाही स्पष्ट आहेत. या नाट्यप्रकारात कथानक क्षीण असते, देवतास्तुती पुन्हा पुन्हा येते, पात्रांना स्वभाव असा नसतोच. मात्र ज्या दरूंनी ही नाटके विणलेली आहेत, ती पदे राग आणि ताल यांसाठी रचलेली असून नर्तकाच्या पावलाची वाट पाहत असतात. शाहराजांनी रागलक्षणांवर तेलुगूत ग्रंथ रचला होता, ही गोष्ट वाचकाने विसरता कामा नये. मुद्रित पानावर ही पदे कोरडी वाटली, तर तो दोष सर्वस्वी कवीचा नव्हे.

दुसऱ्या सरफोजींविषयी (राज्यकाल १७९८–१८३२) नेमकी उलट स्थिती आहे. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा संग्राहक म्हणून अद्वितीय होता. सरस्वती महाल ग्रंथालय, १८०५ चा देवनागरी छापखाना आणि तेथून १८०६ मध्ये निघालेली इसापच्या कथांची मराठी 'बालबोध मुक्तावली' ही कामे त्यांच्या कीर्तीला पुरेशी आहेत. परंतु संग्राहकाचे तेज ग्रंथकारावर पडू देण्याची चूक त्यांच्या गौरवात वारंवार होते. 'देवेंद्र कुरवंजी' या त्यांच्या मराठी नाटकात भविष्य सांगणारी डोंगरकन्या जगाचा भूगोल सांगते. कल्पना नवी आहे, आधुनिक ज्ञानाविषयीचे कुतूहलही खरे आहे; पण कुरवंजीचा प्राण विरहिणीची उत्कंठा आणि कुरत्तीची खट्याळ वाणी यांत असतो. देशांच्या नामावळीने तो जागा भरतो, भाव भरत नाही. बृहदीश्वर मंदिरातील १८०३ च्या भोसले वंशाच्या शिलालेखाचेही असेच झाले आहे. त्याची लांबी विस्मयकारक असून इतिहासाचे साधन म्हणून तो मोलाचा आहे; तथापि लांबी हा वाङ्मयगुण नव्हे.

ग्रंथालय आणि शिलालेख यांच्या सावलीत तंजावरचे तिसरे देणे झाकून गेले आहे, आणि कदाचित तेच सर्वांत टिकाऊ ठरले. रामचंद्रबावा मोरगावकरांसारख्या कीर्तनकारांनी महाराष्ट्रातील कीर्तन येथे आणले. तंजावर कृष्ण भागवतर (निधन १९०३) यांनी ते कर्नाटक संगीताशी जोडून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही मराठी वृत्ते तमिळ व तेलुगू शब्द अंगावर घेऊन कथाकालक्षेपात रुळली. लावणीनेही तमिळ वेष घेतला. कामदहनाच्या सणात मदन जळाला की नाही, यावर दोन पक्ष तमिळ लावण्यांतून वाद घालत, तेव्हा कलगी-तुऱ्याच्या सवालजबाबांशी त्यांचे नाते सहज जाणवे. येथे मराठी शब्द मागे पडला, पण मराठी लय परक्या भाषेत घर करून राहिली.

मराठी समीक्षेला हा वारसा अवघड वाटतो, कारण तिची मापे भाषेला बांधलेली आहेत. जे मराठीत लिहिले तेवढेच आपले, असे म्हटले की कृष्ण भागवतर बाहेर राहतात, 'पंचभाषाविलास' पाचव्या भागाने आपले ठरते आणि नामावळीचे नाटक सर्वांगी मराठी म्हणून पुढच्या रांगेत बसते. मूल्यमापनाची ही उलथापालथ दुरुस्त व्हायची असेल, तर तंजावरची नाटके संगीतज्ञ, नर्तक आणि भाषाभ्यासक यांनी एकत्र बसून वाचली पाहिजेत. शक्य तेथे दरू गाऊन पाहिले पाहिजेत. सरस्वती महाल १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तेथील पोथ्यांनी आपली तारीख केव्हाच सांगितली आहे. आपला आवाज ऐकवायला त्यांना गायक हवा आहे.