कवंदी : कडेपासून पोटापर्यंत

कलेच्या समीक्षेत आपण काही दारे पहिल्यापासूनच लावून घेतली आहेत. काव्य, नाटक, संगीत यांच्या गुणदोषांची चर्चा आपल्याकडे हिरिरीने होते. देवालयाच्या सभामंडपातील कोरीव खांबांकडे व दीपस्तंभाच्या बांधणीकडेही रसिकांची दृष्टी वळलेली आहे. परंतु माजघरात, दुपारच्या उरलेल्या वेळात, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून जी वस्तू आकाराला येते तिला आपण ‘काम’ म्हणतो, ‘कृती’ म्हणत नाही. त्यामुळे तिच्यात चांगले काय आणि उणे काय, हे सांगण्याची जबाबदारीही आपण पत्करीत नाही. तोंडभर कौतुक करून मोकळे होतो. पारख न करता केलेले कौतुक हा उपेक्षेचाच एक सभ्य प्रकार होय.

जुने तुकडे थरावर थर बसवून धावदोऱ्याने शिवलेल्या पांघरुणाला देशावर गोधडी म्हणतात, कोकणात व गोव्यात वाकळ, तर धारवाडकडे कौदी. नावे निराळी, कूळ एकच. त्या कुळातील एका शाखेचा येथे विचार करावयाचा आहे. ती म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांतील रानालगतच्या वस्त्यांत ती शिवली जाते. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. बेळगाव-खानापूरच्या वाचकाला ही गावे परकी नाहीत. गोमंतकीय वाचकाशी या लोकांचे नाते तर अधिक जवळचे, आणि अधिक अवघडही आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेली माणसे गोव्याच्या बंदरात उतरली. त्यांतील काही पळून, काही सुटका झाल्यावर, घाटावरच्या अरण्यात शिरली. या भागातील सिद्दी हे बव्हंशी त्यांचे वंशज. २००३ मध्ये त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. त्यांच्या घरच्या बोलीत कोंकणीचा अंश आजही ठळक आहे. म्हणजे या नियतकालिकाच्या दोन भाषांपैकी एक त्यांच्या चुलीपाशी नांदते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरच्या कवंदीवर चंद्रकोर. शिवण्याची रीत मात्र सर्वांची एकच.

ती रीत नीट समजून घेतल्यावाचून कवंदीची पारख होणे नाही. जुन्या साडीचा तळ अंथरतात आणि एका कोपऱ्यापासून आरंभ करतात. तुकड्याच्या कच्च्या कडा बोटांनी आत दुमडायच्या, तो तळावर बसवायचा आणि धावदोरा घालायचा. पुढचा तुकडा मागच्याच्या कडेवर थोडा चढवायचा. अशा रीतीने चारी बाजूंचा फेरा पुरा झाला की टाका आत वळतो. दुसरा फेरा, तिसरा फेरा, असे करीत हात अखेर मध्यावर येऊन पोचतो. लाकडी चौकट नाही, आधी काढून ठेवलेला नकाशा नाही. सुई, जाड सुती दोरा आणि मांडी एवढीच सामग्री. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले त्रिकोणी फूल बसवितात. या फुलाने ऊब वाढत नाही की मजबुती येत नाही. तरीही ते नसेल तर कवंदी उघडी-नागडी वाटते, असे शिवणाऱ्या स्त्रिया मानतात. मध्यावरचा शेवटचा तुकडा बंद करण्यापूर्वी त्याखाली तांदळाचे चार दाणे ठेवण्याचीही रीत आहे. कवंदीचे पोट भरलेले असावे, ही त्यामागील भावना. ओटीत तांदूळ घालणाऱ्या आपल्या घरांना ती समजावून सांगावयास नको.

आता याच्या शेजारी अमेरिकेतील गोधडीची रूढ पद्धत ठेवून पाहावी. तेथे प्रथम तुकडे जोडून वरचा थर पुरा करतात. मग मध्ये कापूस, खाली अस्तर. मग तिन्ही थर एकत्र शिवतात. आणि सर्वांत शेवटी कडेने पट्टी लावतात. रंग जुळविण्याचा आनंद आधी संपतो आणि कष्टाचे, चिकाटीचे काम मागे उरते. म्हणूनच तिकडे जोडून झालेले परंतु कधीच शिवले न गेलेले वरचे थर पेट्यांतून वर्षानुवर्षे पडून राहतात. शिवणाऱ्या स्त्रियांचा हा नित्याचा सल आहे, आणि आपल्या घरांतही त्याचा अनुभव नवा नाही.

कवंदीने हा क्रम मुळातच उलटा केला आहे. जी कड इतरत्र अखेरीस येते ती येथे पहिल्याच फेऱ्यात पुरी होते. तुकडे जोडणे, थर शिवणे आणि रचना साधणे ही तीन कामे निराळी राहातच नाहीत. एका टाक्यात तिन्ही साधतात. जितके शिवले तितके कायमचे पुरे झाले. हातातले काम चार महिने फडताळात पडले, तरी त्याची कड उसवत नाही आणि तुकडे विस्कटत नाहीत. शेतीची कामे, मुलेबाळे आणि आजारपण यांतून फावल्या वेळी शिवणाऱ्या स्त्रीच्या आयुष्याला हा क्रम किती नेमका जुळतो, ते सांगावयास नको. पूर्णता ही येथे शेवटी लावावयाची पट्टी नसून आरंभापासून पाळलेली शिस्त आहे. कवंदीच्या सौंदर्याचे मर्म, आमच्या मते, या शिस्तीत आहे; रंगांच्या उधळणीत ते शोधणारा रसिक दारातूनच परततो.

परंतु या क्रमाची एक किंमत आहे, आणि समीक्षकाने नेमके तेथेच बोट ठेवले पाहिजे. थर शिवताना टाक्यापुढे कापड थोडे सरकत असते. चौकटीवर शिवणारे जाणकार याच कारणाने मध्यापासून सुरुवात करतात. सैलपणा बाहेर ढकलीत नेला की तो कडेला निघून जातो. कवंदी बाहेरून आत शिवली जाते. साहजिकच प्रत्येक फेऱ्यातील चूक आत सरकत जाते आणि अखेरीस पोटात गोळा होते. हात असमान असेल तर मध्यावर कापड फुगते, चुण्या पडतात, शेवटचा तुकडा दडपून बसवावा लागतो. गायकाने तान कितीही घेतली तरी त्याचा हिशेब समेवर होतो, तसे हे आहे.

यावरून पारखीच्या तीन जागा ठरतात. पहिली कड. ती सरळ आहे काय, कोपऱ्यावर टाका वळताना अडखळला आहे काय, फूल अंगचे वाटते की मागाहून चिकटविलेले, हे पाहावे. दुसरी जागा पोट. पसरलेल्या कवंदीच्या मध्यावर तळहात फिरवावा. तेथे कापड निजलेले असेल तर सगळे फेरे एका लयीत झाले असे खुशाल समजावे. तिसरी जागा पाठ. पाठीवर रंगांचा आधार नसतो. एका जुन्या साडीवर टाक्यांचे एकात एक बसलेले चौकोन तेवढे दिसतात. दोरा कोठे संपला, कोठे नवा घेतला, कोणत्या फेऱ्याला टाका लांबला, हे सारे तेथे वाचता येते. पुढच्या बाजूने पुष्कळ कवंद्या मोहक दिसतात. पाठीवरही तितक्याच उभ्या राहणाऱ्या थोड्या.

या कसोटीने पाहता, कवंदीला आजवर लाभलेल्या प्रशंसेतील काही भाग अपुरा वाटतो. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कलाभ्यासकांच्या पुढाकाराने २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची सहकारी संस्था स्थापन झाली, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्क येथील शोंबर्ग केंद्रात या कवंद्यांचे प्रदर्शन भरले. हे कार्य मोलाचे आहे. आपल्या शेजारच्या कलेचा परिचय समुद्रापलीकडच्यांनी आधी करून घ्यावा, ही नामुष्की आपली. तथापि प्रदर्शनात पांघरूण भिंतीवर चढते. भिंतीवर पाठ दिसत नाही आणि पोटावर हात फिरविता येत नाही. उरते ते केवळ चित्र. त्याच्याआधी, २००२ मध्ये, अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या, तेव्हाही त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी झाली. तुलनेने मान वाढतो हे खरे. परंतु चित्रकाराचे शेवटचे बोट फिरले की चित्र संपते. गोधडी त्या क्षणी वापरात येऊ लागते. विरलेल्या जागी नवा तुकडा बसतो आणि रचना पुढे चालते. दुरुस्ती हाच जिचा विस्तार, तिला चित्राच्या मापाने मोजणे कसे पुरेल?

दुसरा मोह रक्ताचा. गीज बेंडच्या आणि यल्लापूरच्या गोधड्यांतील साम्य पाहून ‘हे आफ्रिकेचे रक्त बोलते आहे’ असे म्हणावेसे वाटते. रंग धीटपणे शेजारी ठेवण्याच्या वृत्तीत पूर्वजांचे काही उतरले असेलही. तथापि जुनी साडी, धावदोरा, चिंधीचा थर हे तर शेजारच्या कौदीचे आणि वाकळीचेच आहेत. कवंदीला केवळ आफ्रिकेची म्हटले म्हणजे घाटावरच्या माणसांचा शेजार नाकारला जातो. केवळ इकडची म्हटले म्हणजे गोव्याच्या बंदरातला तो काळा इतिहास पुसला जातो. तिच्यावर तुकडा तुकड्यावर चढतो आणि खालचाही थोडा दिसत राहतो. तिचा इतिहासही त्याच रीतीने वाचला पाहिजे.

आपल्या धार्मिक परंपरेत ठिगळाला कमीपणा नाही. चर्पटपंजरिका स्तोत्रातील योगी रस्त्यावरच्या चिंध्यांची कंथा पांघरतो. बुद्धाच्या भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवले जाई, आणि मगधातील भातखाचरांच्या बांधांवरून आनंदाने त्याची आखणी केली, असे विनयपिटक सांगते. गाडगेमहाराजांना (१८७६–१९५६) तर लोक गोधडे महाराज म्हणूनच ओळखीत. बंगालमध्ये हाच ‘कंथा’ शब्द जुन्या साड्यांच्या भरतकामाला मिळाला. गुरुसदय दत्तांसारख्या जाणकाराने ते आस्थेने जमविले म्हणून त्याचा संग्रह उभा राहिला. असे असूनही आपल्या घरांतली रीत निराळी आहे. साधूच्या अंगावरचे ठिगळ आपल्याला वैराग्याची खूण वाटते. बाईच्या अंगावरचे ठिगळ दारिद्र्याची. आजीच्या वाकळीत तान्हे मूल गुंडाळायचे आणि पाहुणे आले की तीच वाकळ आतल्या खोलीत लपवायची, हे आपणच करीत आलो. विरक्ताला जो मान त्याच्या त्यागासाठी देतो, तो गृहिणीला तिच्या उद्योगासाठी देताना आपला हात का आखडतो, याचा विचार देवळाच्या पायरीवर बसून तरी करावा.

बाजाराविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. कवंदी विकली जावी, तिला योग्य दाम मिळावा आणि तो शिवणारीच्याच हाती पडावा, याविषयी दुमत नसावे. गरिबाने आपली कला शुद्ध ठेवावी म्हणून उपाशी राहावे, हा पोटभरल्या रसिकाचा उपदेश आहे. परंतु विकत घेणाऱ्याच्या हट्टाने जे बिघडते ते घेणाऱ्याच्या पदरी घालावे लागेल. ठरावीक माप, ठरावीक रंगसंगती, दुकानातले नवे कापड, असा आग्रह धरला की कापडापासूनच अडचण सुरू होते. धुऊन धुऊन जुने झालेले सुती कापड आटून झालेले असते. ते मऊ असते, सुईला वाट देते. नवे कापड पहिल्या धुण्याला आटते, तेही प्रत्येक तुकडा आपापल्या प्रमाणात. मग सरळ शिवलेल्या कवंदीतही चुण्या येतात. कृत्रिम धाग्याची साडी तर टाक्याखालून निसटते आणि घाम टिपत नाही. जुने कापड ही गरिबीची तडजोड खरीच, पण कारागिराची निवडही आहे. घेणाऱ्याने तयार वस्तू पारखून घ्यावी. तिचे रंग घरबसल्या ठरवून पाठवू नयेत.

राहता राहिला आपल्या घरांचा प्रश्न. फडताळात अर्धवट दुपटे असते, कड न घातलेले तोरण असते, कापून ठेवलेले तुकडे गाठोड्यात असतात, आणि शिवणारे हात कधीच निघून गेलेले असतात. त्या गाठोड्याला स्मृती म्हणून जपणे सोपे आहे. त्यातील तुकडा घेऊन त्याच्या कच्च्या कडा दुमडणे आणि पहिला फेरा घालणे कठीण. कवंदी त्याला एक व्यवहार्य वाट दाखविते. सगळे रंग आधी जुळले पाहिजेत, सगळा वेळ एकदम मिळाला पाहिजे, हा हट्ट सोडावा. कोपऱ्यापासून आरंभ करावा आणि कड प्रथम पुरी करावी. हातातला तुकडा उरलेल्या जागेच्या मापाने बसवीत जावे, आणि मध्यावर आल्यावर चार दाणे तांदूळ ठेवून पोट बंद करावे. घरात जुनी वाकळ असेल तर ती उन्हात घालताना एकदा उलटी करून पाहावी. शिवणारीचे नाव तिच्यावर लिहिलेले नसते. तिचा हात मात्र पाठीवरच्या टाक्यांत सरळ वाचता येतो.