जुन्या नौकेची पारख : स्लोकमच्या ग्रंथासंबंधी

जोशुआ स्लोकम यांचा ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. १८९५ मध्ये बोस्टनहून निघून ते १८९८ मध्ये परतले. साहजिकच या ग्रंथाची चर्चा त्यांच्या धाडसाभोवती फिरते. परंतु त्याचे आरंभीचे प्रकरण मला अधिक मोलाचे वाटते. प्रवासासाठी आणि वास्तव्यासाठी जुनी नौका कशी पारखावी, याचा तो वस्तुपाठच आहे.

मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे ‘स्प्रे’ नावाची जीर्ण नौका समुद्रापासून दूर एका शेतात टेकू देऊन ठेवलेली होती. ती स्लोकमना विनामूल्य मिळाली. त्यांनी कणा आणि बरगड्या नव्या ओक लाकडाच्या केल्या, फळ्या नव्या पाइनच्या बसविल्या आणि खुल्या समुद्राचा विचार करून बाजू सुमारे फूटभर उंच केल्या. मग जुने राहिले काय? राहिला तो नौकेचा घाट. लाकूड बदलता येते, पण मुळातला घाट बिघडलेला असेल तर त्यावर सुतारकाम हा उपाय नव्हे. जुने वाडे सांभाळणाऱ्या घराण्यांना हे वेगळे सांगावयास नको.

नौकेची लांबी ३६ फूट ९ इंच, तर रुंदी १४ फूट २ इंच. या ऐसपैस रुंदीमुळे सुमारे दहा बाय बारा फुटांची निजण्याची खोली आणि सहा फूट चौरस स्वयंपाकघर साधले. सुकाणू बांधून ठेवले तरी नौका आपली दिशा सोडीत नसे. १८९७ मध्ये थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतच्या २७०० मैलांत, तेवीस दिवसांत मिळून, आपण सुमारे तीनच तास सुकाणूवर होतो, असे ते नमूद करतात.

मात्र ग्रंथाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नौकेच्या तळाबाहेर शिशाचे वा लोखंडाचे वजन नव्हते; सिमेंटचे सारे वजन आतच होते. अशी रुंद व उथळ नौका फार कलंडल्यास पुन्हा सरळ होणे कठीण, याकडे पुढील जाणकारांनी लक्ष वेधले. स्लोकम आपल्या नौकेवर इतके लुब्ध आहेत की या धोक्याची पुरेशी जाणीव वाचकास होत नाही. पुढे याच नौकेसह ते समुद्रात नाहीसे झाले. कारण आजही अज्ञात आहे.

खर्चाचा हिशेबही असाच फसवा आहे. साहित्याला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले, हा आकडा वाचून पुष्कळांना मोह पडेल. अंदाजपत्रके तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याची नजर मात्र पुढच्या नोंदीवर थांबते : तेरा महिन्यांचे स्वतःचे श्रम. ते श्रम जहाजांचे कप्तानपद भूषविलेल्या आणि स्वहस्ते नौका बांधलेल्या माणसाचे होते. त्यांची किंमत कोणत्याच रकान्यात नाही.

म्हणून हा ग्रंथ अवश्य वाचावा, पण ‘स्प्रे’ची नक्कल करण्यासाठी नव्हे. जुनी वस्तू स्वीकारताना तिच्यात टिकाऊ काय, बदलण्याजोगे काय आणि ते बदलण्याचे बळ आपल्या अंगी आहे काय, हे तीन प्रश्न तो आपल्याला विचारावयास लावतो. त्यांतील तिसरा सर्वांत अवघड.