चिटणिसी बखरींतील ‘कलुशा’

एका मांत्रिकानें अनुष्ठानांच्या बळावर संभाजीराजांचें चित्त भ्रष्ट केलें व दरबार नासविला, ही कथा मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीनें विशेष रूढ केली. धाराशिवास अध्यापन करीत असतां आम्हींही ती कित्येक वर्षें मुलांस निःशंकपणें सांगितली. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्रानें तिला धक्का दिला, तरी ‘कलुशा’ लोकांच्या तोंडीं राहिलाच. म्हणून आमचें सांगणें येथें जाहीरपणें परत घेतों.

बखर १८११ च्या सुमाराची, म्हणजे राजांच्या वधानंतर सुमारें सव्वाशें वर्षांची. शिवाय १६८१ मध्यें देहान्तशासन झालेले बाळाजी आवजी हे बखरकाराचे पूर्वज. घराण्याचा घाव लेखणींत उतरणें स्वाभाविक आहे. परंतु अशी साक्ष तटस्थ मानतां येत नाहीं.

आतां नांव पाहावें. ‘कलश’ हा शब्द मंगलवाचक. त्याचा ‘कलुशा’ झाला कीं कानास ‘कलुष’ ऐकूं येतें, आणि पुराव्यापूर्वींच निकाल लागतो. त्याची पदवी ‘छंदोगामात्य’. छंदोग म्हणजे सामगायक. तींत जारणमारणाचा गंधही नाहीं.

शाक्त उपासना हाच दोष म्हणावा, तर शके १५९६ च्या आश्विन शुद्ध पंचमीस (२४ सप्टेंबर १६७४) शिवछत्रपतींनीं निश्चलपुरीकडून तांत्रिक राज्याभिषेक करविला होता. त्या तिथीस आमच्या जिल्ह्यांत तुळजापुरीं भवानीचें नवरात्र चालूं असतें. पित्याची ती भक्ति व पुत्राची मात्र भ्रष्टता, हा न्याय कोणता?

कलश निर्दोष होता, असें आम्ही म्हणत नाहीं. शके १६०६ च्या पौषांत त्यानें गांगोलीस शहाबुद्दीनखानाशीं झुंज दिली, असें जेधे शकावली सांगते. तीच शके १६१० च्या कार्तिकांत शिर्के त्याच्यावर उलटल्याचें व तो खेळण्यास पळाल्याचेंही सांगते. परदेशी ब्राह्मणाच्या हातीं एवढा अधिकार गेल्यानें मातबर घराणीं दुखावलीं. हा दोष राजकारणाचा, मंत्रतंत्राचा नव्हे. फेब्रुवारी १६८९ मध्यें संगमेश्वरीं तो धन्यासह सांपडला व ११ मार्चला धन्यासहच मारला गेला. स्वार्थी मांत्रिकाच्या कथेंत हा शेवट बसत नाहीं.

संग्राहकांस विनंती इतकीच, कीं आपल्या कागदांत हें नांव जसें असेल तसेंच तिथीसह उतरून घ्यावें. नक्कल करतांना बखरीच्या वळणावर नेऊं नये. एका अक्षराच्या फरकानें माणसावर केवढा अन्याय होतो, हें आम्हांस फार उशीरा कळलें.