तेलाची टाकी आणि तिचं झाकण

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, जागा आहे. आजचा विषयही जागेचाच आहे. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने मोटारीतल्या तेलाच्या टाकीवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. वाटू द्या. वस्तू नेमकी कुठे असावी, हा प्रश्न मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवला, पण या एका टाकीने मला तो नव्याने विचारायला लावला.

गाडी पोर्शे 911. वजन हजार किलोच्या आसपास, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं. आपल्या साध्या गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी, सम्पमध्ये असतं. वेगात वळण घेतलं की ते एका बाजूला धावतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि इंजिन क्षणभर कोरडं पडतं. म्हणून या गाडीत ड्राय सम्प. एक पंप तळातलं तेल उपसून वेगळ्या टाकीत टाकतो, दुसरा टाकीतलं तेल दाबाने इंजिनाला देतो. परत येणारं तेल फेसाळलेलं असतं, त्यातली हवा सुटायला टाकी उंच हवी. टाकी फार लांबही चालत नाही, कारण थंडीत घट्ट झालेलं तेल लांब नळीतून ओढताना पंप दमतो. तेव्हा टाकी इंजिनाच्या शेजारीच, उजव्या मागच्या चाकाच्या मागे बसवली होती.

आता मागे जड असलेली गाडी वळणात शेपूट फिरवते. हे दुखणं या गाडीला जन्मापासून होतं. साठच्या दशकात समोरच्या बंपरच्या टोकांना लोखंडी वजनं बसवून पाहिली. हलक्या गाडीत मुद्दाम ओझं भरायचं, यापेक्षा अगतिक उपाय कोणता? मग 1969 च्या मॉडेलात मागची चाकं 57 मिलिमीटर मागे सरकवली आणि समोर दोन बॅटऱ्या ठेवल्या. आणि 1972 च्या मॉडेलात टाकी उचलून चाकाच्या मागून चाकाच्या पुढे आणली. दोन्ही आसांच्या मध्ये.

किती फरक पडला असेल? मी गोल आकडे घेऊन कागदावर मांडलं. तेलासकट टाकी दहा किलो धरा, सरकली पाऊण मीटर, आणि दोन आसांमधलं अंतर सव्वादोन मीटर. समोरच्या चाकांवर वजन वाढलं ते तीन-साडेतीन किलो. हसू नका. दुसरा हिशेबही आहे. गाडी वळायला लागते तेव्हा प्रत्येक वस्तूचा विरोध तिच्या गुरुत्वमध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. टाकी तिथून साधारण एक पूर्णांक तीन मीटरवर होती, ती शून्य पूर्णांक सहावर आली. म्हणजे तिच्या वाट्याचा विरोध जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर. वस्तू लहान, पण हलकी गाडी अशाच लहान वस्तूंनी सुधारते. बंपरमधल्या लोखंडापुढे तर हा विचार मला फार देखणा वाटतो: नवं काही भरलं नाही, आहे तेच सरकवलं.

पण टाकीबरोबर तिचं तोंडही पुढे आलं. तेल भरायला उजव्या दाराच्या मागे, अंगावर, एक झाकण दिलं. पुष्कळशा गाड्यांना मागच्या बाजूला जे झाकण असतं ते पेट्रोलचं. 911 चं पेट्रोलचं झाकण डावीकडे, समोरच्या मडगार्डवर. पंपावरच्या माणसाने उजवीकडचं उघडलं आणि तेलाच्या टाकीत पेट्रोल भरलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पेट्रोलने तेल पातळ होतं, बेअरिंगमधला तेलाचा थर तुटतो, पुढचं सांगायला नको. 1973 च्या मॉडेलात टाकी मुकाट्याने जुन्या जागी परत गेली.

हा किस्सा सगळीकडे एकाच चालीवर सांगतात: इंजिनिअर हुशार, पंपवाला अडाणी. या चालीवर माझा आक्षेप आहे. पंपवाल्याने काय चूक केली? दिवसभर शेकडो गाड्यांनी त्याला जे शिकवलं तेच त्याच्या हाताने केलं. वैशेषिकांनी दूर आणि जवळ हे गुण मानले, पण ते अपेक्षाबुद्धीने उपजतात असं बजावलं. कुणाच्या तरी अपेक्षेने दूर, कुणाच्या तरी अपेक्षेने जवळ. इंजिनिअरने टाकीची जागा आसापासून मोजली. ती कुणाच्या हातापासूनही मोजली जाणार आहे, हे मोजपट्टी गुंडाळताना तो विसरला.

जाता जाता सांगतो, त्याच 1972 मध्ये आपल्याकडे बजाज चेतक आली. तिच्या पेट्रोलच्या टाकीत पंपवाला माप घेऊन ऑइल ओतायचा, आणि तेच बरोबर होतं! माझ्याकडे पुढे पुष्कळ वर्षं चेतक होती. तो ऑइल विसरला तर आपण ओरडायचो. (हशा) पंपावर योग्य काय, हे त्या हाताला गाडीच सांगत असते.

माझी खरी तक्रार मात्र परतीवर आहे. प्रश्न दोन होते: टाकी कुठे, आणि तिचं तोंड कुठे. तोंड चुकलं होतं. नळीचा गळा वळवून तोंड इंजिनाच्या झाकणाखाली नेता आलं असतं, टाकी जिथे होती तिथे राहिली असती. त्यांनी दोन प्रश्नांना एकच समजून दोन्ही मागे नेले, आणि कष्टाने मिळवलेली जागा सोडून दिली. ब्रिटनच्या कॅटरहॅमने आपल्या काही गाड्यांत टाकी थेट बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घरात बसवली. खाली, आत, चुकूनही कुणाचा हात जाणार नाही अशी. अर्थात दुरुस्तीला हात घालायचा तर तिथेही मुश्कीलच.

मघाशी एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवली, ती रास्त आहे. चाकापुढची टाकी बाजूच्या धडकेत सापडेल ही भीतीही परतीचं कारण होती, असं सांगितलं जातं. गरम तेल, पातळ पत्रा, आणि शेजारी माणूस. तसं असेल तर जागाच चुकली होती, आणि टाकी परत नेली म्हणून मी त्यांना बोल लावला तो मागे घ्यावा लागेल. पंपवाल्याबद्दल जे बोललो, ते मात्र मागे घेणार नाही.