नाणे, पोथी, पायवाट : कोसंबींच्या संशोधनाचे तीन प्रकार

आपल्या विद्यापीठांत सादर होणाऱ्या बहुतेक प्रबंधांत ‘संशोधन पद्धती’ नावाचे एक प्रकरण असते. मूलभूत आणि उपयोजित, गुणात्मक आणि संख्यात्मक, वर्णनात्मक आणि विश्लेषणात्मक अशा प्रकारांची यादी त्यात येते, प्रत्येकाची व्याख्या येते आणि शेवटी ‘प्रस्तुत अभ्यासासाठी अमुक पद्धतीचा अवलंब केला आहे’ हे वाक्य येते. पुढच्या प्रकरणांत त्या पद्धतीचे दर्शन क्वचितच घडते. यादी चुकीची नसते. पण तिच्यामुळे प्रकार आधी निवडायचा आणि प्रश्न नंतर शोधायचा, असा समज रुजतो. शिवाय, प्रत्येक प्रकारात पुरावा कशाला म्हणायचे आणि आपले म्हणणे खोटे कशाने ठरेल, हा खरा फरक त्या व्याख्यांत कुठेच येत नाही.

तो फरक समजून घ्यायला दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे काम फार उपयोगी आहे. गोव्यात जन्मलेला आणि हार्वर्डला शिकलेला हा गणितज्ञ फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता. संख्याशास्त्रावर हात बसावा म्हणून त्यांना एखादा प्रत्यक्षातला प्रश्न हवा होता. तो त्यांना आहत नाण्यांत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन चांदीच्या तुकड्यांत सापडला.

नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. एका नाण्याच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही. पण एकाच प्रकारच्या अनेक नाण्यांचे सरासरी वजन काळाबरोबर घटते आणि वजनांतली तफावत वाढते. हे ताडून पाहण्यासाठी कोसंबींनी चलनातली त्यांच्या काळची नाणीसुद्धा तोलली. मग प्राचीन नाण्यांच्या मागच्या बाजूवरचे बारीक ठसे त्यांनी मोजले. ठसे जितके जास्त तितके वजन कमी, असा संबंध त्यांना दिसला. हे संख्यात्मक संशोधन आहे, आणि त्याची कसोटी उघड आहे : जास्त ठशांची नाणी जड भरली असती, तर सिद्धांत तिथेच कोसळला असता.

इथे मात्र एक पायरी वेगळी काढायला हवी. हे ठसे व्यापाऱ्यांनी नाणी वेळोवेळी तपासून मारले, असे कोसंबींचे म्हणणे होते. वजन आणि ठसे यांचा संबंध तराजू दाखवतो. ठसा कोणी मारला, हे तराजू सांगत नाही. पहिले विधान मोजमापाचे आहे, दुसरे अर्थ लावण्याचे. एकाच लेखात दोन्ही आली, म्हणून दोन्हींचे बळ सारखे ठरत नाही.

ही नाणी कोणत्या राजांची, हा पुढचा प्रश्न त्यांना जुन्या ग्रंथांकडे आणि पर्यायाने संस्कृतकडे घेऊन गेला. भाषा पक्की करण्यासाठी त्यांनी भर्तृहरीची सुभाषिते निवडली. भर्तृहरीचे वैराग्य हे निराश, आश्रय शोधणाऱ्या बुद्धिजीवी माणसाचे वैराग्य आहे, असा खळबळजनक निबंध त्यांनी १९४१ मध्ये लिहिला. त्या निबंधातली उणीव पुढे त्यांनी स्वतःच सांगितली : हा कवी नेमका कोण आणि त्याचे श्लोक नेमके कोणते, हेच अनिश्चित होते. काही महिन्यांचे वाटलेले पाठचिकित्सेचे काम काही वर्षे चालले. ३७७ हस्तलिखिते पाहून १९४८ मध्ये त्यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

पाठचिकित्सा हा संशोधनाचा दुसरा प्रकार. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून महाभारताच्या आवृत्तीसाठी हेच शास्त्र कसोशीने राबवले होते. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीतून उतरल्या असाव्यात, हे त्यातले साधे तत्त्व. पोथ्यांची अशी घराणी लावल्यावर, सर्व घराण्यांत आढळणारे श्लोक आणि एखाद्याच शाखेत शिरलेले श्लोक वेगळे होतात. सर्वत्र आढळणारे श्लोक दोनशेच्या आसपास भरले. नंतर जमा झालेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी निघाली. प्रसिद्ध नावाला इतरांची रचना चिकटते, हे तुकोबांच्या अभंगांच्या अभ्यासकांना सांगायला नको.

समीक्षकाला थांबवणारी जागा हीच आहे. पाठचिकित्सेने जुना संग्रह कोणता ते कळते. कवीचा वर्ग किंवा त्याची मनःस्थिती कळत नाही. म्हणजे १९४१ च्या निबंधाला १९४८ च्या आवृत्तीने पाया दिला, पण निष्कर्ष दिला नाही. कोसंबींचा आवाज दोन्हीकडे सारखाच ठाम आहे. तो ठामपणा पोथ्यांच्या बाबतीत कमावलेला आहे. कवीच्या मनाविषयी तो वाचकाने तपासून घ्यावा.

तिसरा प्रकार पायी फिरण्याचा. पुण्याच्या परिसरातल्या टेकड्यांवर कोसंबींनी सूक्ष्म पाषाणहत्यारे वेचली, शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी पाहिली, भक्तांना प्रश्न विचारले. ही ठाणी जुन्या वाटांच्या छेदांवर आहेत, कार्ल्यासारखी लेणी व्यापारी मार्गांवर आहेत आणि पंढरीच्या वारीमागेही गुरे घेऊन ऋतूनुसार फिरणाऱ्या प्राचीन समूहांची वाट असू शकेल, अशी मांडणी त्यांनी केली. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या पुस्तकातली ही पाने आजही ताजी वाटतात, कारण ग्रंथालयात बसून ती लिहिताच आली नसती.

पण इथली कसोटी सर्वांत नाजूक आहे. पाणी, नदीचा उतार आणि घाटातली खिंड या गोष्टी प्रत्येक युगातल्या माणसाला त्याच वाटेने नेतात. पाषाणयुगातला शिकारी आणि आजचा वारकरी एकाच रस्त्याने गेले, म्हणून एकाची परंपरा दुसऱ्यापर्यंत अखंड आली असे होत नाही. वाट टिकणे आणि श्रद्धा टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या शतकांचे दुवे दाखवायला शिलालेख, स्थलपुराणे आणि मौखिक गीते लागतात. धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करणारे गुंथर सोनथायमर आणि विठ्ठलाच्या गोपजनीय मुळांचा शोध घेणारे रा. चिं. ढेरे यांनी पुढे हेच साहित्य हाताळले.

कोसंबींचे मोठेपण यामुळे उणावत नाही. प्रश्न जिथे नेईल तिथे जायचे आणि तिथली विद्या शिकून घ्यायची, हे धैर्य त्यांच्यापाशी होते. तराजू, पोथी आणि काठी यांतले काहीच त्यांनी शोभेसाठी हाती घेतले नाही. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मात्र ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द उचलला आणि प्रत्येक विद्येची स्वतंत्र शिस्त सोडून दिली. तीन पद्धती एकत्र आल्याने निष्कर्ष आपोआप तिप्पट बळकट होत नाही. सर्वांत कच्च्या दुव्याइतकाच तो पक्का असतो.

म्हणून प्रबंधातल्या त्या प्रकरणात व्याख्यांऐवजी तीन उत्तरे मागावीत. माझा प्रश्न कोणता? त्याला चालणारा पुरावा कुठल्या जातीचा? आणि काय सापडले असते, तर मी माझे म्हणणे मागे घेतले असते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर प्रबंधात माहिती भरपूर असेल, पण संशोधन अजून सुरू व्हायचे आहे.