गर्ट्रूडला काय माहीत होतं?

‘हॅम्लेट’चा विषय निघाला की गर्ट्रूडबद्दल हमखास एकच प्रश्न येतो : नवऱ्याच्या खुनाची तिला कल्पना होती का? कॉलेजच्या वर्गातही तोच, यूट्यूबवरच्या व्हिडिओंतही तोच. मला वाटतं, या प्रश्नाच्या नादात आपण एक साधी गोष्ट करायची विसरतो. ती म्हणजे, ही बाई स्वतः काय बोलते ते ऐकणं.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. डेन्मार्कचा राजा मरतो. दोन महिनेही उलटत नाहीत तोच राणी गर्ट्रूड आपल्या दिराशी, क्लॉडियसशी लग्न करते. राजाचं भूत मुलाला, हॅम्लेटला, सांगतं की भावानंच मला विष घालून मारलं. सूड घे, पण आईच्या वाटेला जाऊ नकोस, तिचा न्याय देव करील. पुढचं सगळं नाटक म्हणजे या सुडाची रखडलेली वाट.

आता क्रम नीट बघा. आईबद्दलचं हॅम्लेटचं सगळ्यात विखारी स्वगत पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात येतं. भूत त्याला अजून भेटलेलं नाही. खून हा शब्दही त्याच्या डोक्यात नाही. म्हणजे त्याचा राग खुनाचा नाही, लग्नाचा आहे. आईनं इतक्या लवकर, आणि तेही काकाशी लग्न केलं, एवढ्यावरून तो अख्ख्या स्त्रीजातीला दुबळी ठरवून मोकळा होतो.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये दिराशी लग्न धर्माला मंजूर नव्हतं. आठव्या हेन्रीनं भावाच्या विधवेशी केलेलं लग्न पुढे याच मुद्द्यावर मोडीत काढलं होतं. त्यामुळे हॅम्लेटची चीड तिथल्या प्रेक्षकाला परकी वाटली नसणार. आपल्याकडे मात्र हे प्रकरण सरळ नाही. अनेक जातींत विधवेचा पाट लावायची रीत जुनी, आणि ब्राह्मण घरांत विधवेनं पुन्हा लग्न करणं म्हणजे घोर पाप. १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावानं हे नाटक मराठीत आणलं ते गोपाळ गणेश आगरकरांनी. पुढे ‘सुधारक’मधून विधवांची बाजू घेणारे तेच हे आगरकर. विधवा आईनं लग्न केलं म्हणून पोटचा मुलगा तिला फाडून खातो, हे दृश्य त्या काळच्या पुण्यात कोणी कसं वाचलं असेल, याचं मला फार कुतूहल आहे. कारण तो प्रश्न तिथे घराघरात होता.

बरं, गर्ट्रूड काय बोलते? नाटकाच्या जवळपास निम्म्या प्रवेशांत ती रंगमंचावर आहे, पण तिच्या वाट्याला बोलणं फार कमी. जे आहे ते मात्र नेमकं. मुलगा वेडा का झाला यावर पोलोनियस लांबलचक पाल्हाळ लावतो, तेव्हा ती त्याला मुद्द्यावर ये म्हणून सुनावते. त्याच्या आधीच तिनं क्लॉडियसला कारण सांगून टाकलंय : बापाचं मरण आणि आपलं घाईचं लग्न, दुसरं काय असणार? स्वतःच्या लग्नाला घाईचं म्हणायला तिला कोणी भाग पाडलेलं नाही. कॅरोलिन हाइलब्रन या समीक्षिकेनं १९५७ मध्ये गर्ट्रूडच्या या मोजक्या, नेटक्या बोलण्याकडे लक्ष वेधलं होतं. तोवर बहुतेक समीक्षक तिला उथळ, मठ्ठ बाई समजत आले होते.

तिसऱ्या अंकात मायलेक एकांतात समोरासमोर येतात. पडद्याआड लपलेला पोलोनियस मारला जातो. हॅम्लेट एका वाक्यात आईवर राजाच्या खुनाचा आरोप करतो, ती चकित होऊन तेच शब्द उच्चारते, आणि तो विषय तिथेच संपतो. पुढे तो बोलत राहतो ते तिच्या वयाबद्दल, वासनेबद्दल, बिछान्याबद्दल. खुनाचा तपास करायला आलेल्या मुलाला आईच्या शेजेतच जास्त रस आहे. तिला माहीत होतं का, हा प्रश्न विचारायची हक्काची संधी त्याच्याकडे होती. त्यानंच ती घालवली.

शेक्सपिअरनंही उत्तर उघडं ठेवलं. १६०३च्या पहिल्या छापील प्रतीत राणी शपथेवर सांगते की खुनाचं मला काही ठाऊक नव्हतं, आणि मुलाला साथ द्यायचं वचन देते. नंतरच्या, जास्त विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या प्रतींत हे नाही. तिथे ती एवढंच वचन देते की तुझं वेड खोटं आहे हे मी कोणाला सांगणार नाही. लगेच पुढच्या प्रवेशात ती क्लॉडियसला सांगते, पोरगा पुरता वेडा झालाय. दिलेला शब्द ती पाळते.

म्हणून तिला देवी करायची गरज नाही. मुलावर नजर ठेवायला त्याच्याच मित्रांना बोलावण्यात तिचा हात आहे. ऑफीलियाला आमिष म्हणून पुढे केलं जातं तेव्हा ती अडवत नाही, आणि तीच पोरगी भ्रमिष्ट होऊन दाराशी येते तेव्हा आधी भेटायला नकार देते. संतापलेला लेअर्टीस चालून येतो तेव्हा ती क्लॉडियसला पाठीशी घालते. आपला जीव पापानं आजारी आहे हे ती स्वतःशी कबूल करते. कुठलं पाप, ते सांगत नाही. नवरा आणि मुलगा दोघंही हवेत अशी ही बाई आहे, आणि हे नाटक तिला दोघं मिळू देत नाही.

दिग्दर्शकांना हे उघडं उत्तर पचत नाही. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८च्या सिनेमात आईची भूमिका करणारी आयलीन हर्ली त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान होती. मायलेकांच्या नात्यात तिथे जे दिसतं त्याचं अर्धं कारण या निवडीतच आहे. विशाल भारद्वाजच्या ‘हैदर’मध्ये (२०१४) तब्बूची गझाला शेवटी स्वतःलाच स्फोटात उडवून देते. दृश्य अंगावर येतं, पण मला मूळ शेवट जास्त बोचतो.

तिथे क्लॉडियस सांगतो, तो प्याला पिऊ नकोस. ती म्हणते, पिणार. त्यात विष आहे हे तिला माहीत असल्याची संहितेत कुठलीच खूण नाही. ती कोसळते तेव्हा क्लॉडियस भर दरबारात सारवासारव करतो, रक्त बघून तिला घेरी आली म्हणून. ती मरता मरता त्याला खोटं पाडते. मुलाला हाक मारून सांगते, प्याल्यात विष आहे.

आता हिशेब करा. भुताची साक्ष एकट्या हॅम्लेटनं ऐकलेली. क्लॉडियसनं धाडलेलं, हॅम्लेटला ठार करा असं सांगणारं पत्र फक्त होरेशिओला ठाऊक. सगळ्यांदेखत राजाचा गुन्हा पहिल्यांदा बोलून दाखवते ती गर्ट्रूड. लेअर्टीस तोंड उघडतो ते तिच्यानंतर. पाच अंक ज्या सुडासाठी हॅम्लेट अडून बसला, तो पुढच्या काही क्षणांत पुरा होतो.

तिला आधी काय माहीत होतं, याचं उत्तर नाटकात मिळत नाही. कळल्यावर तिनं काय केलं, हे मात्र तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.