न चिकटवलेला तळ

यवतमाळच्या आमच्या घरातल्या जुन्या सागवानी टेबलाचा खण मे महिन्यात ओढताना डावीकडून सुटला. दर्शनी फळी तिरकी होऊन हातात लोंबली. दुरुस्तीसाठी खण जमिनीवर पालथा घातला, पटाशी हातात घेतली आणि बराच वेळ ती तशीच हातात राहिली. इतकी वर्षं ज्यात बिलं आणि चाव्या कोंबल्या, ते काम मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होतो.

दर्शनी फळी आणि बाजूच्या फळ्या जिथं भेटतात, तिथं एकही खिळा नाही. बाजूच्या फळीची टोकं पारव्याच्या शेपटीसारखी, पुढं रुंदावत गेलेली कापली आहेत आणि तशाच आकाराच्या खाचांत बसवली आहेत. सुतार याला डव्हटेल म्हणतात. खण जितका ओढाल तितकी शेपटी खाचेत घट्ट रुतते. ओढणाऱ्या हाताचं बळच सांध्याच्या कामी येतं. शिवाय खाचा दर्शनी फळीच्या आरपार नेलेल्या नाहीत, त्यामुळं समोरून हे काहीच दिसत नाही. आतल्या अंगाला खतावणीनं, म्हणजे सुताराच्या आखणीच्या हत्यारानं, ओढलेली बारीक रेघ अजून आहे, आणि तिन्ही शेपट्या एकमेकींपेक्षा किंचित वेगळ्या आहेत. मापाची शिस्त आणि हाताची चाल दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात, म्हणून ती रेघ मला या खणातली सर्वांत देखणी जागा वाटते.

खरा अर्थ मात्र तळात आहे. तळाच्या फळीचे रेषे डावीकडून उजवीकडे जातात. तीन बाजूंनी ती खाचेत नुसती सरकवली होती. मागची फळी उंचीला मुद्दाम आखूड, तिच्याखाली तळाला एकच खिळा, तोही लांबट भोकात. घरात कुणाला तरी हे अर्धवट काम वाटलं असणार. कारण नंतर कधीतरी पुढच्या खाचेत फेव्हिकॉल ओतला गेला आणि मागं सहा खिळे ठोकले गेले.

सुतारानं ती ढिलाई जाणूनबुजून ठेवली होती. लाकूड रेषांच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही. रेषांना आडवं मात्र हवा कोरडी झाली की आकसतं, ओल लागली की फुगतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो आणि पुढच्याच महिन्यात भिंती ओलसर होतात. ही ये-जा मागेपुढे होत राहावी म्हणून रेषे आडवे, खाच कोरडी आणि भोक लांबट. दोन्हीकडून जखडल्यावर उन्हाळ्यात तळ आकसला आणि मधोमध तडकला. तड्यात लांबी (पुट्टी) भरली गेली. मग पावसाळ्यात फुगायला जागाच उरली नाही. तळ दर्शनी फळीला रेटत राहिला, सांधा खिळखिळा झाला आणि अडकलेल्या खणाला दिलेल्या एका हिसक्यानं शेपटीचा कोपरा उडाला.

माझी दुरुस्ती म्हणजे बहुतेक काढून टाकणंच होतं. सहाही खिळे पक्कडीनं उपटले, लांबी खरवडली, खाच साफ केली. सांध्यावर कोमट ओलं फडकं ठेवताच जुना सरस मऊ पडला आणि फळ्या सुखरूप सुटल्या. फेव्हिकॉल 1959 साली बाजारात आला. त्याआधीचे सुतार हाडा-कातड्याचा हा सरस वापरत, आणि तो पुढच्या दुरुस्तीला वाट ठेवतो. उडालेल्या कोपऱ्यावर सागाचा तुकडा रेषे जुळवून चिकटवला. खण पुन्हा जुळवून सुतळीनं आवळला, दोन्ही कर्ण सुतळीनंच मापले आणि सारखे येईपर्यंत दाबत राहिलो. बाजूंच्या खालच्या कडांना मेणबत्ती घासली. तळाचा तडा मात्र फक्त आपसात जोडला, चौकटीला थेंबही लागू दिला नाही.

तळ पुसताना त्यावरच्या रेघा उठून दिसल्या. साग कोरड्या दिवसांत पानं टाकतो, वाढ थांबते. पाऊस आला की नव्या वाढीत पाणी वाहणाऱ्या मोठ्या छिद्रांची ओळ तयार होते. एक ओळ म्हणजे एक पावसाळा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या अशाच वलयांवरून मागच्या काळातल्या पावसाचा अभ्यास झाला आहे. हे झाड तिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूचं की पैनगंगेकाठचं, कोण सांगणार! पण पाऊस त्याच्या सवयीचा होता, आणि सुतारानं कापलेल्या लाकडाचीही ती सवय मोडली नाही.

मेमध्ये खण बसवला तेव्हा पुढच्या खाचेपाशी तळाची एक फिकट, कधी उजेड न लागलेली पट्टी उघडी पडली होती, सुतळीएवढी रुंद. काल आषाढातल्या सरीनंतर खण उघडला. पट्टी खाचेत आत गेली होती.